आईचे तळवे आणि काशाची वाटी

काशाच्या वाटीने तळपाय घासले की जो काळा रंग उतरतो, ती अंगातली उष्णता नसते. तूप, पायाचा घाम आणि काशातलं तांबं यांची ती आपसातली झटापट असते. तुपाचं बोट लावून काशाचं ताट घासत बसा, तिथेही काळं येईल, आणि ताटाला काही पित्त होत नाही. हे मी पत्रकात लिहिलंय, सभांमध्ये बोललेय, आणि सगळ्यात जास्त वेळा लालबागच्या आमच्या दोन खोल्यांत बाबांच्या तोंडावर म्हटलंय. बाबा दर वेळी नीट ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, "बरोबर आसा तुझा. आता जरा बाजूक सर, उजेड अडवतंस."

मी आरोग्याच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका लहानशा गटात आहे. आमचं मुख्य हत्यार पत्रक. ते लिहायचं, छापून आणायचं, परळला रुग्णालयांच्या दारात आणि चाळींच्या जिन्यांत उभं राहून वाटायचं. पत्रकाची एक शिस्त असते. शत्रू एकच हवा, मागणी एकच हवी, मथळा लांबून वाचता आला पाहिजे. मला ती शिस्त आवडते. जगातल्या बऱ्याच गोष्टी मला मथळ्यासारख्याच दिसतात, आणि त्याबद्दल मी कुणाची माफी मागत नाही. औषधाच्या नावाने लोकांना फसवणाऱ्यांशी गुळमुळीत बोलायचं कशाला?

पण माझे बाबा आयुर्वेदातले. म्हणजे वैद्य नव्हेत. त्यांची गिरणी बंद पडली तेव्हा मी जन्मलेही नव्हते. त्यानंतर त्यांना गिरगावात एका आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात काम मिळालं आणि निवृत्त होईपर्यंत ते तिथेच राहिले. चूर्णाच्या पुड्या बांधायच्या, आसवं-अरिष्टांच्या बाटल्या लावायच्या, वैद्यांच्या चिठ्ठ्या वाचायच्या. गिरणीत साच्यावरच्या, म्हणजे मागावरच्या, माणसाला जसा साचा कळतो तसा आपल्याला माणूस कळतो, असा त्यांचा त्या दुकानात समज झाला. घरी येताना अंगाला हिरड्याचा आणि सुंठीचा वास घेऊन यायचे आणि जेवायला बसल्यावर आम्हाला तपासायचे. रात्री दही बंद. मासे असले की त्या दिवशी घरात दुधाचा चहासुद्धा नाही. उन्हाळ्यात नाचणीची आंबील, पावसाळ्यात मुगाचं कढण, थंडीत तीळ आणि आंघोळीआधी कानात तेलाचे थेंब. जेवणाच्या शेवटी सोलकढी, ती मात्र कोकणातल्या माणसाला आयुर्वेदाने सांगायची गरज नव्हती.

आणि मी म्हणजे त्यांच्या मते पित्ताची खाण. मी मोर्चाला निघाले की गुलकंदाची बाटली पुढे यायची.

"बाबा, रुग्णालयात औषधं नाहीत म्हणून आम्ही ओरडतोय. त्याला पित्त म्हणत नाहीत, राग म्हणतात."

"राग खंयसून येता? पित्तातून. एक चमचो खा नि मग ओरड, घसो बसूचो नाय."

आई स्वयंपाकाच्या ओट्यापासून म्हणायची, "तिका गुलकंद देवा नि सरकाराक एरंडेल. दोघांचाय काम होईल."

आईची गोष्ट वेगळी. ती परळला एका पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते. आता लाटते म्हणताना मला थांबावं लागतं, पण ते पुढे येईल. सकाळपासून तव्यासमोर उभी. वर्षानुवर्षं उभी. तिला साखरेचा आजार आहे, गोळ्या चालू आहेत, आणि मागच्या काही वर्षांत ती म्हणायला लागली होती की जमिनीवर चालताना कापसावर चालल्यासारखं वाटतं. आम्ही हसायचो. मी म्हणायचे, श्रीमंत झालीस, गालिचे आले पायाखाली. तळव्यांची आग व्हायची, आणि मग हळूहळू तीही होईनाशी झाली.

बाबा निवृत्त झाले आणि त्यांनी वाटी काढली. काशाची, खाली जाड, वर तांब्याची मूठ असलेली, दुकानमालकाने निरोप म्हणून दिलेली. संध्याकाळी आई कामावरून आली, चहा झाला, की बाबा दार लोटायचे. आमच्या चाळीत दिवसा दार लोटलं की सगळ्या मजल्याला प्रश्न पडतो. पण नवऱ्याने बायकोचे पाय मांडीवर घेतलेले दिसले असते तर त्याहून मोठा प्रश्न पडला असता. आई खाटेवर, बाबा खाली पाटावर. तळव्याला साजूक तूप, मग वाटी. टाचेकडून बोटांकडे, बोटांकडून टाचेकडे. जुन्या लुगड्याच्या फडक्याने पुसायचं, पुन्हा तूप. फडकं काळं झालं की बाबा ते उजेडात धरायचे आणि एखाद्या कारागिरासारखे खूश व्हायचे. "बघ. आज किती निघाली."

"तांबं निघालं," मी म्हणायचे.

"तांबा तर तांबा. निघाला ना?"

आणि सगळं संपल्यावर आई वाकून बाबांना नमस्कार करायची. पाय लागले ना नवऱ्याला, पापच ते. याचा मला भयंकर संताप यायचा. दिवसभर राबून आलेली ती, आणि पाय चोळून घेतले म्हणून नमस्कारही तिनेच करायचा? मी एकदा हे बोलले तेव्हा आई म्हणाली, "तुझ्या पत्रकात लिही हां. पण आधी माका सांग, लग्नाक इतकी वर्षां झाली, ह्या माणसान कधी माझो हात धरून रस्तो ओलांडल्यान? आता रोज पाय धरता. मी नमस्कार नको करू?" बाबांचे कान लाल झाले. याला उत्तर पत्रकात मावणारं नव्हतं.

मग आमच्या चाळीच्या तळमजल्यावरच्या रिकाम्या गाळ्यात तळवे घासून देणारं केंद्र उघडलं.

तुम्ही पाहिली असतील ती यंत्रं. एका पेटीत काशाची गोल तबकडी बसवलेली, बटण दाबलं की गरगर फिरते, वेग वाढवायला बाजूला पिळायचा कान. आपण खुर्चीत बसून तेल लावलेले तळवे तबकडीवर टेकवायचे. गाळ्यात अशी यंत्रं ओळीने मांडली होती आणि भिंतीवर फळा होता: वात, पित्त, गुडघेदुखी, निद्रानाश, मधुमेह, सगळं तळव्यांतून बाहेर. सुरुवातीचे दिवस फुकट. चालवणारा माणूस गोड बोलणारा, तरणाताठा, कपाळाला टिळा, अंगात डॉक्टरांसारखा पांढरा कोट. तो बायकांना सांगायचा, "काकी, साखर पण ह्याच वाटेने जाते. आधी सकाळची गोळी सोडा, मग संध्याकाळची. शरीरच सांगेल."

दुपारी आणि संध्याकाळी आमच्या चाळीतल्या, शेजारच्या चाळीतल्या बायका ओळीने बसायच्या. आणि तिथे जे सुरू झालं ते फक्त आमच्या बायकाच करू जाणोत. कुणाचं जास्त काळं निघतं याची शर्यत लागली. जितकं काळं तितकी अंगात उष्णता जास्त, आणि जितकी उष्णता जास्त तितके कष्ट जास्त केलेत, असा हिशेब. ज्या बाईचे पाय गोरेच निघायचे तिला टोमणे बसायचे.

"तुझ्या घरात सुनेन हातात सगळा घेतल्यान वाटता. काय्येक निघत नाय."

"गप गो, माझा रोज निघता, आज घामच नव्हतो."

मग ती बाई कान पिळून वेग वाढवायची. तबकडी जोरात, काळं जास्त. पण थोड्या वेळात तळवे पोळायला लागायचे आणि बाया "आई गं" करत पाय उचलायच्या. माझी आई उचलायची नाही. तिला पोळतच नव्हतं. पूर्ण वेगावर ती आरामात बसायची, गप्पा मारायची, आणि सगळ्यात काळं तिचंच निघायचं. पूर्ण मजल्यात तिचं नाव झालं. "काकीसारखा काळा कुणाचाच नाय." घरी येऊन हे तिने आम्हाला अशा अभिमानाने सांगितलं की जणू शाळेत पहिला नंबर आला.

मी अर्थातच पत्रक लिहिलं. मथळा होता: तळव्यांतून साखर निघत नाही, खिशातून पैसे निघतात! गाळ्याच्या दारात उभं राहून वाटलं. बायकांनी मला मायेने जवळ घेतलं, पत्रकं घेतली, आणि आत जाऊन यंत्राखाली अंथरली, कारण तेल गळून लादी चिकट होत होती. संध्याकाळी आई म्हणाली, "तुझो कागद चांगलो आसा गो. वर्तमानपत्रापेक्षा जास्त तेल शोषता. उद्या आणखी दी."

बाबांच्या हाताच्या अंगठ्याचा सांधा दुखायला लागला होता, हे खरं. आईने त्यांना सांगितलं, "आता तुमी कशाक त्रास घेताव? मशीन झटपट करता," हेही खरं. पहिल्या दिवशी त्यांनी सवयीने पाट मांडला, तूप काढलं. आई खालून पाय काळे करून आली आणि थेट मोरीत साबणाने धुवायला गेली. बाबांनी तुपाचं भांडं झाकलं, वाटी पुसली आणि कपाटाच्या वर ठेवून दिली. मग दार उघडून गॅलरीत जाऊन उभे राहिले, समोरचा टॉवर बघत. त्या दिवसांत ते संध्याकाळी तिथेच उभे असायचे.

एका रविवारी चाळीत पाणी आलं नाही. पिंपात होतं ते प्यायला. आई खालून आली, पाय काळेकुट्ट, आणि धुवायला पाणी नाही. "आता लादी काळी होतली," म्हणून ती उंबऱ्यातच उभी. मी खाली बसून पत्रकांच्या घड्या घालत होते. बाबांनी जुनं फडकं घेतलं, तिला खाटेवर बसवलं आणि पुसायला लागले. उजवा पाय झाला. डावा घेतला. टाच झाली, कड झाली, आणि अंगठ्याच्या बुंध्याशी एक काळा डाग राहिला. त्यांनी फडक्याला तेल लावून पुन्हा पुसलं. डाग तसाच. त्यांनी चष्मा मागितला. मी दिला.

"दुखता?"

"खंय?"

"हंयसर."

"नाय."

बाबांनी अंगठ्याने त्याच्या कडेला दाबलं. मला दिसत होतं, ते जोर लावून दाबत होते. "आता?"

"आता काय?"

"मी दाबतंय."

आई हसली. "कधी? अजून लावलात पण नाय हात."

डागातून पाणी आलं. काळं नव्हे, पिवळं. तो डाग नव्हताच. तबकडीने सोललेलं, फोड येऊन फुटलेलं, तेलाच्या काळ्या थराखाली कित्येक दिवस लपून राहिलेलं भोक होतं. रोज ती मोरीत घाईने साबण फिरवत होती. काळं पूर्ण जातच नव्हतं, आणि जात नाही याचाही तिला आनंदच होता.

आम्ही टॅक्सी करून परळच्या सरकारी रुग्णालयात गेलो. गाडीत आई म्हणत होती, एवढ्याशा गोष्टीला टॅक्सी कशाला. बाबा तिचा पाय आपल्या मांडीवर धरून बसले होते, भर रस्त्यात, काच उघडी, आणि या वेळी कुणी बघेल याची त्यांना पर्वा नव्हती.

डॉक्टर माझ्याच वयाची होती. तिने आईच्या तळव्याला एका बारीक तारेने ठिकठिकाणी स्पर्श केला आणि विचारलं, कळतंय का. आई डोळे मिटून बसली होती. टाचेला "हो" म्हणाली. मध्ये काहीच म्हणाली नाही. बोटांना काहीच म्हणाली नाही. मग तिने डोळे उघडून आमच्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदा मला आईच्या चेहऱ्यावर भीती दिसली. मी तिला पोळताना पाहिलंय, कुकरच्या वाफेने भाजताना पाहिलंय. घाबरलेली पाहिली नव्हती.

"गोळ्या नियमित?" डॉक्टरने विचारलं.

आई म्हणाली, "सकाळची सोडलंय. खालच्या मुलान सांगितल्यान."

मी उभी राहिले. डॉक्टर मला म्हणाली, "बसा. रागावायचं असेल तर नंतर." मग आईला समजावून सांगितलं: अंगठ्याला जंतुसंसर्ग झाला आहे. हाडापर्यंत गेला नसेल तर अंगठा वाचेल. गेला असेल तर अंगठा काढावा लागेल, आणि तिथेच थांबेल याची खात्री देता येत नाही. हाडाचा फोटो काढू, औषधं सुरू करू, रोज पट्टी. पायावर भार द्यायचा नाही.

"मग पोळ्यो?" आई म्हणाली.

"पोळ्या नाहीत, काकू. आधी पाय."

मग तिने विचारलं, "घरी यांचे पाय रोज कोण बघतं?"

बाबा म्हणाले, "आधी मी. म्हणजे बघायचो नाही हो. वाटी फिरवायचो. काशाची."

मी डोळे मिटले. आता ही त्यांना झोडणार, आणि बरोबरच झोडणार. ती म्हणाली, "रोज पाय हातात घ्यायचात? बोटांच्या मध्ये पुसायचात?"

"पुसायचो. फडक्याने."

"मग बघतच होतात की. ते का बंद केलं?"

बाबांनी आईकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही नाही. म्हणाले, "मशीन आली."

डॉक्टरने पुढे सांगितलं की आता चोळणं नाही, शेकणं नाही, तूप नाही, वाटी तर नाहीच. बाबा म्हणाले, "शंभर वेळा धुतलेलं तूप जखमेला—" ती म्हणाली, "काका, या जखमेला नाही." बाबांनी मान खाली घातली आणि मान्य केलं. माणूस हट्टी आहे, पण दुकानात वैद्याच्या चिठ्ठीवर आपलं डोकं न चालवण्याची त्यांची सवय जुनी.

फोटोत हाड शाबूत निघालं. पण "बघू" हा शब्द डॉक्टर दर खेपेला म्हणत राहिली, आणि आम्ही त्या "बघू"वर जगत राहिलो.

मी गाळ्यात गेले. तो टिळेवाला उभा राहिला. "ताई, आम्ही कुणावर जबरदस्ती केली? वेग मी वाढवत नाही, बायका स्वतः वाढवतात."

"गोळी सोडायला कुणी सांगितलं? यंत्राने?"

"मी हळूहळू म्हणालो होतो."

मला त्याचं पुढचं ऐकायचं नव्हतं. मी बायकांकडे वळून म्हटलं, उठा, पाय काढा. दोघी-तिघींनी काढलेही. पण आमच्या मजल्यावरची एक काकी, जी मला लहानपणापासून ओळखते, जिच्या घरी मी जेवून वाढलेय, ती बसून राहिली.

"तुझ्या आयशीचा वायट झाला गो. मी रोज देवाक सांगतंय. पण आमची एवढीशी घटका बंद नको करू. घरात टेकलंय काय कोणतरी चाय मागता, कोणतरी मोजे मागता. हंयसर बसलंय तर कोण काय मागत नाय. नि पायांक कायतरी लागता."

तिचे पाय तबकडीवर होते. टाचा फुटलेल्या, नखं वाढलेली. त्या पायांना आयुष्यात कुणी हात लावला असेल तर तिच्या सुनेने, लग्नात पाया पडताना. माझ्याकडे घोषणा होत्या. त्यातली एकही तिथे चालली नाही. मी वाकून तिच्या यंत्राचा कान मागे पिळला, वेग कमी केला, आणि म्हटलं, "काकी, साखर आहे तुला?"

"नाय."

"मग बस. पण रात्री तळवे बघ. आरशात धरून बघ."

आम्ही गटाच्या वतीने रीतसर तक्रार केली. बरेच हेलपाटे घातले. त्यातून एवढंच झालं की फळ्यावरचा मधुमेह पुसला गेला आणि पांढरा कोट उतरला. मी आजही याला विजय म्हणणार नाही. एका माणसाने अंगठा पणाला लागेपर्यंत थाप मारायची, आणि शिक्षा काय, तर खडू पुसायचा!

घरी मात्र बाबांचं राज्य आलं. आई खाटेवर, पाय उशीवर, आणि स्वयंपाक बाबांच्या हातात. साखरेला चालेल ते आणि आयुर्वेदाला चालेल ते यांची त्यांनी अशी काही युती केली की जेवणात उरलं काय? मुगाचं कढण, दुधी, पडवळ, नाचणीची भाकरी, वर मेथीदाणे. आई पहिले काही दिवस निमूट जेवली. मग ताट सरकवलं.

"माझ्या पायाक झाला हा. जिभेक काय झाला? बांगडो आणा."

"बांगडो उष्ण," बाबा म्हणाले.

"मी ह्या माणसाक पस्तीस वर्षां उष्णच खाऊक घातलंय, तरी थंड तो थंडच."

मी मध्ये पडले. डॉक्टर म्हणालीय मासे चालतील, प्रथिनं हवीत, जखम भरायला. बाबांनी विचार केला. मग म्हणाले की बांगडा उष्ण, पण वर कोकणात माशांना लावतात ती त्रिफळं आणि आमसूल घातलं तर त्याचा ताप कमी होतो. याला काही आधार आहे का मला माहीत नाही. त्या रात्री घरात बांगड्याचं तिखलं झालं, आणि वासावरून चाळीत जवळजवळ सगळ्यांना कळलं की काकी बरी होतेय.

पट्टी रोज बाबाच बदलायचे. रुग्णालयातल्या सिस्टरने शिकवलं तसं, हात धुऊन, हातमोजे घालून. आणि दुसरा, चांगला पाय ते रोज संध्याकाळी मांडीवर घ्यायचे. वाटी कपाटावरच. तूप नाही, काही नाही. चष्मा लावून, मोबाइलची बॅटरी पाडून एक एक बोट वेगळं करून बघायचे. मी एकदा म्हटलं, बाबा, हेच तर. वाटीने काहीच केलं नव्हतं कधी. तुमच्या हाताने केलं होतं. ते म्हणाले, "हात रिकामो कसो जाईल गो बायकोच्या पायाक? कायतरी निमित्त होया." मला वाटतं, माझ्या आयुष्यात मी ऐकलेलं हे सर्वांत प्रामाणिक वाक्य आहे, आणि ते वाटीच्या बाजूचं आहे की विरोधातलं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसरं पत्रक मी त्याच खोलीत लिहिलं, आईच्या खाटेला टेकून. बाबांनी विनंती केली की "थोतांड" हा शब्द काढ. मी काढला नाही. काळा रंग म्हणजे उष्णता नव्हे, साखर तर नव्हेच, गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका, हे ठळक टायपात ठेवलं. पण खाली एक ओळ घातली: ज्यांना साखर आहे त्यांचे पाय घरातल्या कुणीतरी रोज हातात घेऊन बघा, ज्यांना घरात कुणी नाही त्यांनी शेजारणीला दाखवा. गटाच्या बैठकीत एकाने विचारलं, "यात मागणी कुठे आहे? शत्रू कुठे आहे?" मी म्हटलं, मागणी ही आहे की पाय बघा. तो म्हणाला, हे पत्रक वाटत नाही. मग नसू दे. छापलं आणि वाटलं. ते यंत्राखाली गेलं की नाही बघायला मी गाळ्यात गेले नाही.

जखम भरली. एका सकाळी डॉक्टरने पट्टी काढली ती पुन्हा बांधली नाही. अंगठा जागेवर होता, थोडा वाकडा, गुलाबी नव्या कातडीचा. डॉक्टर म्हणाली, "आता चाला. पण अनवाणी एक पाऊलसुद्धा नाही. घरातसुद्धा चप्पल." तिने मऊ तळाच्या खास चपला लिहून दिल्या.

आणि इथे आई अडली. इंजेक्शनं घेतली, पथ्य केलं, बांगड्यासाठी भांडली, सगळं केलं. पण घरात चपला? आमच्या खोलीत ओट्याच्या बाजूला देव्हारा. त्याच्यासमोर चपला घालून उभं राहायचं? आई म्हणाली, त्यापेक्षा अंगठा घेऊन जा.

मी सांगितलं. ओरडून सांगितलं. तुला कळतच नाही काय टोचतंय ते, उद्या खिळा घुसला तरी कळणार नाही. शेजारणींनी सांगितलं. फोनवरून डॉक्टरने सांगितलं. आई भिंतीला धरून अनवाणी मोरीपर्यंत जायची आणि आम्ही श्वास रोखून बघायचो. एवढं वाचवलेलं तिच्या एका पावलात जाऊ शकत होतं, आणि ते तिलाही माहीत होतं.

बाबा दादरला जाऊन चपला घेऊन आले. आंघोळ केली. चपला खोक्यातून काढल्या, ओल्या फडक्याने तळ पुसले, पाट मांडला, त्यावर चपला ठेवल्या. मग देव्हाऱ्यातून हळद-कुंकवाची कोयरी आणली आणि दोन्ही चपलांना, नव्या गाडीला लावतात तसं, बोटं लावली. आई खाटेवरून बघत होती.

"पादत्राण घालणं दिनचर्येतच सांगितला आसा," बाबा म्हणाले, दुकानातल्या गिऱ्हाइकाशी बोलत असल्यासारखे. "सकाळी उठणं, दात घासणं, तेल लावणं, तसाच ह्या. ही चप्पल नाय. औषध आसा. औषधाक विटाळ नाय."

इतके दिवस मी, डॉक्टर, सगळे घसा फोडून जे सांगत होतो, ते त्यांनी चिमूटभर हळदीत आणि धडधडीत पदरच्या युक्तिवादात निकालात काढलं. मला राग यायला हवा होता. आलाही थोडा.

आईने विचारलं, "खरा?"

"दुकानात इतकी वर्षां काय पुड्योच बांधल्यंय?"

बाबा खाली पाटाशी बसले. डावा पाय घेतला, बोटांच्या मध्ये बघितलं, अंगठ्यावरून एकदा हात फिरवला आणि चप्पल चढवली. मग उजवा. आई उठली. ओट्यापाशी गेली, गॅसचा कान फिरवून बघितला, देव्हाऱ्याकडे तोंड करून क्षणभर उभी राहिली. मग कुंकू लागलेल्या चपलांनी, फट फट आवाज करत, खोलीतून बाहेर गॅलरीत आली. सगळा मजला बघायला लागला. पलीकडच्या काकीने कपडे वाळत घालता घालता हाक मारली, "काय गो, घरात चपला?"

"औषध चालला हा," आई म्हणाली, आणि गॅलरीच्या टोकापर्यंत चालत गेली.